सुईणीवर हात

तराजू : एक्केचाळीस जणांनी खेळून पाहिलं. त्यातल्या अडतीस जणांनी तिला मारून टाकलं.

लेखिका : कुणाला?

तराजू : सुईणीला. सातविहिरीतल्या म्हातारीला.

लेखिका : चुकून मारलं असेल.

तराजू : चुकून एखादा वार बसतो. एकाने सहा केलेत.

लेखिका : थांब जरा. तू भलत्याच गावाचे आकडे बघतोयस. सातविहिरी हे आपल्या गेममधलं पहिलं गाव. तिथे मारामारीच नाही. खेळणारा येतो, जखमा धुऊन घेतो, झोपतो आणि पुढच्या वाटेला लागतो.

तराजू : येतो, जखमा धुऊन घेतो, झोपतो, उठतो, म्हातारीला मारतो आणि पुढच्या वाटेला लागतो. मी दोनदा मोजलं. गेमचा तोल मी सांभाळतो, उगाच नाही तुम्ही मला तराजू म्हणत.

लेखिका : असं होऊच कसं शकतं? तीन वर्षं बसून या दुनियेची पोथी लिहिलीय मी. पान चार काढ. सुईणीवर हात उचलणाऱ्याचा हात झडतो, म्हणून या खोऱ्यात हजार वर्षांत कुणी तो उचललेला नाही. अख्खं खोरं त्या एका गोष्टीवर उभं आहे. दरोडेखोरसुद्धा तिला वाट देतात.

तराजू : पोथी तू लिहिलीस, मी वाचली. खेळणाऱ्याने कुठे वाचलीय? पुराणातली वांगी पुराणात.

लेखिका : पण तिला मारून मिळतं काय? तिच्याकडे आहे काय?

तराजू : कात्री आहे.

लेखिका : नाळ कापायची?

तराजू : तीच. आता पोथीचं पान अकरा तू काढ. वस्तू जितकी जुनी, तितकी तिच्यात ताकद. हा नियमही तुझाच. मी इमानेइतबारे तो तक्त्यात घातला. कात्री चार पिढ्यांची, तक्त्याने तिची ताकद काढली अठ्ठ्याहत्तर. त्या गावात मिळणाऱ्या तलवारीची आहे बारा.

लेखिका : म्हणजे माझ्याच एका नियमाने माझ्या दुसऱ्या नियमाचा गळा कापला.

तराजू : कात्रीनेच.

लेखिका : विनोद करू नकोस. कात्रीची ताकद कमी कर.

तराजू : मग राजाची जुनी ढाल, देवळातली घंटा, सगळ्यांचीच करावी लागेल. नाहीतर लोक विचारणार, कात्रीनेच काय घोडं मारलंय? आणि केली तरी उपयोग नाही. अडतीसपैकी एकोणीस जणांना कात्री असल्याचं माहीतच नव्हतं. त्यांनी आधी मारलं, मग त्यांना कात्री दिसली.

लेखिका : मग मारलं का?

तराजू : मी विचारलं. एकजण म्हणाला, मारता येतंय का ते बघितलं.

लेखिका : एवढंच?

तराजू : एवढंच. चांगला मुलगा आहे. जाताना सगळ्यांच्या खुर्च्या टेबलाखाली सरकवून गेला.

लेखिका : तू तिला मारता येण्यासारखं ठेवलंसच का?

तराजू : कारण ज्याला हात लावता येत नाही, तो माणूस राहत नाही, भिंत होतो. तलवार तिच्या अंगातून आरपार गेली की खेळणाऱ्याला कळतं, इथे कुणीतरी पाटी लावून बसलंय. तुझी सगळी दुनिया तिथल्या तिथे पुठ्ठ्याची होते.

लेखिका : मग पोथीत आहे तसं कर. हात झडू दे.

तराजू : करून पाहिलं, काल दिवसभर, दहा जणांवर. एक हात गेला की ढाल गेली. पुढे पुलावरचा राक्षस ढालीशिवाय मरत नाही. सहा तास खेळलेला माणूस पुलापाशी कायमचा अडकतो. सात जणांनी गेम बंद केला. एकाने तर असं काही म्हटलं की मी कागदावर लिहून घेतलं नाही.

लेखिका : आठ दिवसांत गेम बाहेर पडतोय. आणि मावशी आज सुईणीची उरलेली वाक्यं बोलायला येणार आहे. तिला काय सांगू? तुझा आवाज असलेल्या बाईला गावोगावचे लोक मुंगीसारखी चिरडतायत?

तराजू : तुला खरंच कुणी सांगितलं नाही? मावशी अकरालाच आल्या. तू मीटिंगमध्ये होतीस. रिकाम्या बसल्या होत्या म्हणून मुलांनी त्यांना चाचणीच्या खोलीत गेम लावून दिला.

लेखिका : चाचणीच्या खोलीत? जिथे हे सगळं चाललंय तिथे? अरे, वेडबिड लागलंय का तुम्हाला?

मावशी : ठमे, ओरडू नकोस त्याच्यावर. बाहेरच्या बाकड्यापर्यंत ऐकू येतंय.

लेखिका : मावशी. तू कधीची उभी आहेस दारात?

मावशी : मुंगीसारखी चिरडतायत, तेव्हापासून. सरक जरा, बसू दे. त्या खोलीतल्या खुर्च्यांनी पाठ मोडली.

लेखिका : तू बघायला नको होतंस ते. आम्ही बदलतोय. आजच बदलतोय.

मावशी : मीही मारलं तिला.

लेखिका : काय?

मावशी : मारलं. त्या चौकोनी बटणाने.

तराजू : म्हणजे एकोणचाळीस.

लेखिका : तू गप. मावशी, ती तू आहेस. तुझा आवाज आहे तिला. तुझ्यावरूनच लिहिलीय मी ती.

मावशी : म्हणूनच राग आला. लांडग्याने चावलेली अशी मी तिच्याकडे गेले, तर म्हणते, बस, पाणी पी. पुन्हा गेले, बस, पाणी पी. तिसऱ्यांदा माझ्या पोटात बाण घुसलेला, तरी बस आणि पाणी पी. अगं, पोटात बाण असताना पाणी पाजतात का? चाळीस वर्षं सुईणपण केलं मी. असली एक बाई माझ्या हाताखाली आली होती, तिला मी आठवड्यात हाकललं. त्या म्हातारीला काही कामच दिलं नाहीस तू. नुसती देवासारखी बसवून ठेवलीस. मग लोक हलवून बघतात, जिवंत आहे की नाही.

तराजू : हे मी दोन वर्षं सांगतोय. यांनी एका वाक्यात सांगितलं.

मावशी : आणि मारल्यावर ती माझ्या आवाजात ओरडते, ते ऐकून दचकले. तो आवाज मी कधी दिला?

लेखिका : विहिरीवर पाय घसरतो त्या प्रसंगासाठी दिला होतास. तोच यांनी मारण्यालाही लावलेला दिसतोय.

तराजू : लावला. वेगळा नव्हता आमच्याकडे.

लेखिका : मावशी, काम देते मी तिला. पण हात उचलण्याचं काय? तो नियम मी बसल्या बसल्या रचलेला नाही, लहानपणी डोळ्यांनी पाहिलाय. तुझं बोट धरून चालायचे तेव्हा रस्त्यातले लोक बाजूला व्हायचे. दुकानदार गिऱ्हाईक सोडून उठायचा. भांडणारी माणसं तू दिसलीस की तोंडं मिटायची. तुझ्यावर कुणी हात उचलेल, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

मावशी : उठायचे, ते खरं आहे. हातही उचललाय.

लेखिका : कुणावर?

मावशी : माझ्यावर.

(तराजू खुर्ची मागे सारून उठतो. मावशी हातानेच त्याला बसायला सांगते.)

मावशी : बस रे, गुपित नाही काही. जुनी गोष्ट आहे. एका घरी पहिलं बाळंतपण होतं. नाळेचे गळ्याला दोन वेढे. मूल आलं, चाळीस मिनिटं राहिलं आणि गेलं. बाप बाहेर उभा होता. मी जाऊन सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं, मान हलवली आणि मग मला मारलं. इथे, कानशिलावर. चष्मा भिंतीपाशी जाऊन पडला. मी पायरीवर पडले.

लेखिका : तू हे कधी बोलली नाहीस.

मावशी : कुणी विचारलं नाही.

लेखिका : मग? लोक धावले असतील. त्याला धरलं असेल.

मावशी : कोण होतं तिथे धरायला? उठले, चष्मा शोधला, आत गेले. आत बाई होती ना अजून. तिचं रक्त थांबायचं होतं. बाहेरच्याशी भांडत बसले असते तर तीही गेली असती.

तराजू : तुम्ही लगेच आत गेलात?

मावशी : मग काय, हात झडायची वाट बघू त्याचा?

लेखिका : आणि तो माणूस?

मावशी : दीड वर्षाने माझ्या दारात आला. बायको पुन्हा अडली होती. दवाखाना लांब, डॉक्टर परगावी. दारात उभा राहिला. मी पिशवी घेतली.

लेखिका : गेलीस त्याच्या घरी? त्याच पायरीवरून?

मावशी : दुसरी पायरी नव्हती त्या घराला. नऊ तास लागले. दुपारी मुलगी झाली. आली ती निळीसावळी, रडेचना. पाठीवर दोन चापट्या दिल्या, तेव्हा जे तोंड उघडलंस, ते अजून मिटलेलं नाही.

लेखिका : उघडलंस?

मावशी : हं.

लेखिका : मावशी, तू उघडलंस म्हणालीस.

मावशी : बोलताना निसटलं. आणि आता निसटलंय तर राहू दे.

लेखिका : मला भाऊ होता?

मावशी : चाळीस मिनिटं.

लेखिका : आणि बाबांनी... बाबांनी तुला मारलं? आमच्या बाबांनी? मोलकरणीशीसुद्धा अहो-जाहो करतात ते.

मावशी : तेव्हापासून करतात.

तराजू : मी बाहेर जाऊ का?

मावशी : कशाला? तुझ्या आकड्यांनीच विषय काढला. लिहून घे त्यापेक्षा. ती म्हातारी मरायची नाही. पडेल. पडू दे, खोटं दाखवू नका. मग उठेल आणि जिथे तिचं काम असेल तिथे निघून जाईल. मारणाऱ्याकडे बघणारसुद्धा नाही, तिला वेळ नसतो.

तराजू : पण मावशी, मारल्यावर खेळणाऱ्याच्या हातात काहीतरी यायला लागतं. नाहीतर तो म्हणतो, गेम बिघडलाय.

मावशी : कात्री हवीय ना? नेऊ दे. मी साध्या ब्लेडनेही नाळ कापलीय.

तराजू : आणि अठ्ठ्याहत्तर ताकद?

मावशी : राहू दे की. पण एक सांगते. आमच्याकडे जिच्याकडे ती पिशवी, तिला बोलावणं. जेवत असो, झोपली असो. तशी ज्याच्याकडे कात्री, त्याला बोलावणं येऊ दे.

तराजू : म्हणजे तो पुलावर राक्षसाशी लढतोय आणि मागून कुणीतरी धावत येतं, चला, बाई अडलीय?

मावशी : असंच येतं. आम्हाला कुणी आधी चिठ्ठी पाठवायचं नाही.

तराजू : आणि नाही गेला तर?

मावशी : तर ती जाईल, ब्लेड घेऊन. कधी वेळेवर पोचेल, कधी नाही. परत आल्यावर गावात काय झालं ते त्याला दिसेल.

तराजू : हे बसतंय. ठमे, ऐकतेयस? वस्तूची ताकद कमी करायला नको, पूल अडायला नको, भिंत नको. हात झडत नाही, उलट हाताला काम लागतं. आठ दिवसांत होईल हे. मी आज बसलो तर पहिली तीन बोलावणी उद्या... ठमे?

लेखिका : आईला माहीत होतं?

मावशी : तिला आतून आवाज आला होता. आम्ही दोघी बहिणी त्यावर एकदाच बोललो. ती म्हणाली, मी सोडते त्यांना. मी म्हटलं, बाळंतिणीने ओल्या अंगाने निर्णय घेऊ नयेत. मग सोडलं नाही.

लेखिका : त्यांनी माफी मागितली?

मावशी : तोंडाने नाही. पण बत्तीस वर्षांत मला कुठे जायचं असलं आणि त्यांनी गाडी काढली नाही, असं झालं नाही. आजही तेच घेऊन आले.

लेखिका : आज? बाबा इथे आलेत? मग वर का नाही आले?

मावशी : आले होते. माझ्याबरोबरच आले अकराला. त्या बाहेरच्या मोठ्या पडद्यावर कुणीतरी खेळत होतं. म्हातारी पडली आणि ओरडली, माझ्या आवाजात. त्यांनी माझी पिशवी माझ्या हातात दिली आणि गेले.

लेखिका : घरी?

मावशी : जिन्यावर बसलेत, खालून तिसऱ्या पायरीवर. मी दोनदा डोकावून आले.

लेखिका : दीड तास झाला.

तराजू : मी पाहिलं त्यांना. मला वाटलं, कुणाचे तरी ड्रायव्हर असतील. पाणी हवंय का विचारलं, तर नुसती मान हलवली.

लेखिका : मावशी, मी त्यांच्यासमोर जाऊ कशी? चेहऱ्यावर दिसेल माझ्या. त्यांना कळेल मला कळलंय.

मावशी : कळू दे. तू नियम लिहिलास ना, हजार वर्षांत कुणी हात उचललेला नाही म्हणून? तो वाचून दाखवला होतास त्यांना, पहिल्या वर्षी. मला येऊन म्हणाले, पोरीला तुम्ही सांगा, मला नाही जमत. मीच टाळलं. माझंही चुकलं.

लेखिका : त्यांना खरं सांगायचं होतं?

मावशी : तीन वर्षं झाली त्याला.

लेखिका : काय बोलू मी खाली जाऊन? रागवायलाही येत नाहीये मला. काहीच येत नाहीये.

मावशी : फार काही बोलू नकोस. शेजारी बस आणि सांग, म्हातारी आता उठते म्हणून.