मारून नाई, बांधून राहिलो

…नाई, तुमी मले एक गोष्ट सांगा, मारणं अन् बांधणं एकच असते का? तुमाले सांगतो, स्टीलच्या प्लांटातून रिटायर झालो तवापासून आमच्या घरात जो पाय ठेवते तो हेच इचारते, "का लहानूभाऊ, माशा मारून राहिले का?" अरे मारून नाई राहिलो, बांधून राहिलो! माशी बांधणं हे काम असते बाप्पा. मासोळी धराचा इतकुसा हूक घ्याचा, त्याच्यावर धागा गुंडाळाचा, कोंबड्याचं पीस लावाचं, अन् अशी माशी बनवाची का पाण्यातल्या मासोळीनं म्हणावं, वा, नाश्ता आला! गांडूळ नाई, कणकीची गोळी नाई. माशी नकली, मासोळी असली. पण सांगाचं कोणाले? मारणारा माणूस लोकाईले लवकर समजते, बांधणारा समजत नाई.

आता हे खूळ डोक्शात कावून घुसलं म्हणान. माझी सारी नोकरी गेली वायर रॉड मिलमधी. लाल तार सन्नाट पळे अन् आमी तिच्या मागं. एवढी तार काढली, एवढी काढली, पण वीतभर तुकडा उचलून म्या कोणाले म्हणू शकत नाई का हा पाहा, हा माझ्या हातचा. अन् मंग एक दिवस मोबाइलवर एक गोरा बुडा दिसला, माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच टकला. त्यानं बसल्या बसल्या एक माशी बांधली, तळहातावर ठेवली अन् असा हासला, असा हासला… मले तसं हासाचं होतं. बस. एवढंच होतं, खोटं कायले बोलू?

तो बुडा इंग्रजीत बोले. मले एकच शब्द समजला, "टाइट." म्हणलं, टाइट? अबे टाइट काय असते हे तू प्लांटवाल्याले शिकवते? ओढला धागा… तुटला. दुसरा ओढला… तुटला. शीला, म्हणजे आमची घरधनीन, तिची शिलाईची रीळ एका दुपारी संपली. ती म्हणे, "याच्यापरीस माशा मारल्या असत्या तर बरं, धागा तरी वाचला असता." मारून नाई राहिलो, बांधून राहिलो!

मंग बुड्यापाशी हूक पकडाले एक नाजूक वाइस होता, म्हणजे टेबलावरची पकड. म्या अमरदीपले फोन केला, हथखोजच्या कारखान्याच्या भागात त्याचं लेथचं वर्कशॉप हाय. म्हणलं, भाऊ, हूक पकडाले वाइस बनवून दे. तो म्हणे, "कितीचा हूक?" म्हणलं, साधाच. आता प्लांटाच्या माणसाले हूक म्हणलं का काय दिसते? क्रेनचा हूक दिसते! चार दिवसानं ऑटोतून दोन माणसं ते धूड उतरवून राहिले, अन् अमरदीप मागून म्हणते, "पन्नास टनाचा हूक हलणार नाई, गॅरंटी." मच्छराएवढा हूक अन् हत्तीएवढा जबडा! टेबल करकरलं. पण म्या हार नाई मानली, जबड्यात चिमटा धरला, चिमट्यात हूक धरला. चालते! आपण काय कमी हाओत?

राहिलं पीस. ते कोंबड्याच्या मानेचंच पाहिजे, अन् गावरान कोंबड्याचं. गेलो अहिवाऱ्याच्या बाजारात. म्हणलं, भैया, लाल कोंबडा दाखव, गोश्त नको, फक्त मानेचे केस दे. तो दोन पावलं मागं सरकला न जी! हळूच म्हणते, "काका… किसके ऊपर करना है?" आता याले काय सांगू? म्हणलं, मासोळीवर. त्यानं पैसेच घेतले नाई, हात जोडले अन् सारा पुडा देऊन टाकला.

आता मुद्द्यावर येतो. माझा पोट्टा पीयूष. त्याच्या दोस्ताचा हथखोजले फॅब्रिकेशनचा शेड हाय, तिथं गेटवर बसाले भरोशाचा माणूस पाहिजे होता. पीयूष म्हणे, "पापा, घर में बैठके मक्खी मारने से तो अच्छा है ना?" पाहा, मराठीत मारून झालं, आता हिंदीत! म्हणलं, जन्मभर टायमावर गेटातून आत गेलो, आता गेटवरच बसू? तर तो म्हणे, ठीक, या रविवारी तुमच्या माशीवर एक मछली पकडून दाखवा, मी पुन्हा नाव काढणार नाई. नाई पकडली, तर सोमवारपासून गेट. म्हणलं, मंजूर! बाजूचा बाबुलाल कणकीच्या गोळीवर मासोया पकडते, तो म्हणे, "लहानू, इथची मासोळी कोंबड्याचं पीस पाहून हासन तुले." म्हणलं, हासाले तोंड उघडन न? तवाच अटकन!

अन् तुमाले सांगतो, रविवारी सकाळी अशी माशी बांधली, अशी बांधली… लाल पीस, पोटाले शीलाच्या जुन्या ब्लाउजाची जर, काळं डोकं. तळहातावर ठेवली अन् हासलो. त्या बुड्यासारखाच हासलो. मंग डोक्याचा रंग वाळाले पोह्याच्या प्लेटीच्या काठावर ठेवली अन् चष्मा पुसाले गेलो. तेवढ्यात शीला आली, तिच्या हातात ते करंटचं बॅट… तड्! धूर. अन् वरून म्हणते, "मेली एकदाची, कवाची भनभन करून राहिली होती."

भनभन! जिनं जन्मात नाकावर माशी बसू दिली नाई, तिले माझ्या माशीची भनभन ऐकू आली! पहिले मले लय वाईट वाटलं, रडूच आलं असतं. मंग एकदम टाळी वाजवली. म्हणलं, पीयूष, झालं! याच्यापरीस मोठं सर्टिफिकेट कोणतं? पीयूष म्हणते, "पापा, शर्त मछली की थी. मम्मी की नहीं."

गेलो तरी. तेच जळकं पीस घेऊन कुरुदकडच्या तलावावर गेलो. बाबुलालनं तीन काढल्या. माझ्याकडं एक तिलापिया वर आली, थांबली, नीट पाहिलं… अन् गेली. जळका वास आला असन. बाबुलालनं कणकीची गोळी समोर केली. म्या घेतली नाई. हारीन, पण कणकीनं जितणार नाई!

तर सोमवारपासून गेट. निघतानी शीलानं डब्याच्या थैलीत नवी रीळ अन् पिसाचा पुडा टाकला. म्हणे, "तिथं कोणी मारणार नाई." अमरदीप तिथंच जवळ, त्यानं ते वाइसचं धूड आणलं, गेटच्या टेबलाले बोल्टानं कसून दिलं. दिवसातून दोन ट्रक येते, फाटक उघडाचं, लावाचं. बाकी सारा दिवस माझा. आता धागा तुटत नाई.

काल मालकाची गाडी आली. काच खाली करून म्हणते, "क्या काका, मक्खी मार रहे हो?" जिभेवर आलं होतं, बांधून राहिलो म्हणून. पण उभा झालो, माशी मुठीत लपवली, अन् जन्मात पहिल्यांदा म्हणलं, हाव साहेब, मारूनच राहिलो. कावून म्हणता? अरे बाप्पा… माराचा पगार भेटते. बांधाचा कोण देते?