पेटीतलं तेल

— आधी चहा घ्या उस्ताद, पेटीचं झाकण उघडून दुरुस्ती मग करा. घाई कसली? म्हणजे घाई आहेच — परवा सकाळी बस आहे, आमचे हे तिकडे रशियात, नोवोसिबिर्स्कला कामाला निघालेत, दारातली बॅग बघितलीत ना? लोकर पिंजायचं यंत्र चाललं तर राहतो म्हणालेत. पण यंत्राला लागते थ्री फेज, आणि आमच्या नारिन गावाच्या या टोकाला वीज येते सिंगल — म्हणून तर ही पेटी आणली, एकाच्या तीन करणारी. पंधरा दिवस काय छान चालली! गावभरच्या बायका पोती घेऊन दारात. आणि शुक्रवारी नुसती घुं घुं, मोटर जागची हलेना.

मी? मी कशाला हात लावीन! पुसली फक्त. वरून — लोणी घ्या ना रोटीला — बरं, झाकण उघडलं होतं, एकदाच. पेटीच्या काचेत आतलं तेल खाली गेलेलं दिसलं, हे घरात नव्हते, मला आपलं वाटलं, बिचारी कोरडी पडलीय. आदल्याच दिवशी, गुरुवारी, सासूबाईंच्या नावाने सात रोट्या तळल्या होत्या. तेलाच्या वासाने गेलेल्यांचा जीव निवतो ना, त्यातलं तेल उरलेलं. वर दुवा पढलेली, उस्ताद! याहून चांगलं तेल कुठलं? यंत्र चालू दे, हे घरी राहू देत, एवढंच मागितलं आणि ओतलं. दोन पळ्या. — चार. पण गाळून हो!

हसा, हसा. जळली नाही ना पण? — रोट्यांच्या तेलातल्या पाण्याने ओल धरलीय? म्हणजे तेल काढून आतली तारांची गुंडाळी सुकवली की…? मग सुकवू की! रोट्यांची भट्टी कोमटच आहे, हात घालून बघा. नवं तेल गाडीत आहे तुमच्या? अल्ला पावला! उद्या संध्याकाळपर्यंत होईल? मान हलवलीत, मी हो समजते. बसवत नाही हो मला. बॅगेतले लोकरीचे मोजे कालच काढून लपवलेत मी — मोज्यांशिवाय कुठे जातायत ते!

यांना एवढ्यात काही सांगू नका. यंत्र फिरलं की मीच सांगेन. खोटं बोलणार नाही, गेल्या रोज्यांत तशी शपथ घेतलीय —

फाटक वाजलं.

आलात? हो, उस्ताद आलेत. वास? येतोय खरा. तुमच्या आईच्या नावाने तळलेल्या रोट्यांचा. — उस्ताद, झाकण लावा, झाकण! — आणि अहो, नुसते हुंगत काय उभे राहिलात? जा, भट्टीत दोन काटक्या टाका.