मैना आत्याचे सरगुंडे

(चांदूर रेल्वेजवळचं एक गाव. मे २००६, शुक्रवारची दुपार. ओसरीत आई आणि बाबा. आचल दहावीच्या उन्हाळी क्लासवरून नुकतीच आलेली.)

आचल : बाबा, एक विचारू? घरी पाव्हणे आले की मैना आत्या कुठी जाते?

बाबा : चप्पल तं काढ अगोदर. कोणी शिकवून पाठवलं?

आचल : शिकवलं नाही, पैज लावली. निखत म्हणे, गॅदरिंगमधे माइक धरून साऱ्या शाळेपुढं बोलली न तू, मंग हे एवढं तुह्या बाबाले विचारून दाखव. साऱ्या पोरी खी खी करून राहिल्या. मी म्हटलं, त्यात काय, आजच विचारते.

आई : त्या भाषणाचं बक्षीस काय भेटलं, हिची जीभ जाग्यावर राहत नाही.

बाबा : निखतले काय करायचं हाये आपल्या घरचं?

आचल : तिचं घर वावराच्या वाटेवर नाही का? मागच्या पंधरवड्यात अकोल्याचे ताईले पाहाले आले, त्या दिवशी तिच्या दादीनं आत्याले आपल्या गोठ्यात बसलेलं पाहिलं. सकाळी दिसली, अन् दिवेलागणीले परत येताना पण तिथंच. निखत म्हणते, पूरे गाँव को मालूम है, बस अकोलेवालों कोच नहीं.

बाबा : त्या दिवशी तिले घरी आणायचं ध्यानातून गेलं माह्या. पाव्हण्यायले गाडीत बसवून देलं, मंग सोसायटीत मीटिंग निघाली.

आई : अन् शत्रूच्या घरी पाठवली होती का तिले? आपलंच वावर, आपलाच गोठा. सावली हाये.

आचल : सावलीत पण ऊनच हाये, आई. हे दिवस कोणते? अन् आता परवाच्या रविवारी पण तिथंच?

आई : रविवारी पोराची माय आपल्या दोन पोरी घेऊन येऊन राहिली. सगळं बरोबर झालं तं सुपारी फुटन. म्हणून म्हणते, दोन दिवस तोंड मिटून राह्य.

बाबा : त्या बाई येऊन कशाले राहिल्या, ते पण सांग न. तूच करून ठेवलं ते.

आई : म्या काय केलं? बाईनं आमरसासोबत चार वेळा सरगुंडे वाढून घेतले. म्हणे, असे एकसारखे, कणीक काडीवर वळून अल्लद सुटलेले सरगुंडे माह्या सासूच्या हातचे खाल्ले होते, त्याच्यानंतर आजच. कोणं केले? आता गोठ्यात बसली तिनं केले, असं सांगू? निघून गेलं तोंडातून, आमच्या प्रणितानं केले म्हणून.

आचल : अन् आता त्या म्हणतात, सूनबाई, माह्यापुढं करून दाखव.

आई : फोनवर म्हणे, काड्या काढून ठेवजा, मी जवळ बसून शिकते.

आचल : काल ताईनं केले ते पाहिले का, बाबा? अर्धे काडीलेच चिपकून बसले. उरलेले बाहेर टाकले तं कुत्र्यानं हुंगून सोडून देले.

आई : हसू नको. तिचे दिवस कॉलेजात गेले. बुढीनं, तुह्या आजीनं, मैनाले एक तेवढंच शिकवलं, दोन वर्ष रोज दुपारी जवळ बसवून. म्हणून तिचा हात बसला.

बाबा : आता ठरलं काय ते सांग.

आई : पहाटे शेजारच्या पार्बताबाईच्या घरी बसून मैना सारे वळून ठेवन. बाई आल्या की प्रणिता म्हणन, उन्हाच्या अगोदर उरकून घेतले. तुमी तेवढं मैनाले आठ वाजता वावरात नेऊन सोडा.

आचल : म्हणजे आत्याचे हात पाहिजेत, आत्या नाही पाहिजे.

आई : हे भाषण शाळेत दे.

बाबा : आचल, बस इथं. बदनेऱ्याचे तुह्या ताईले पाहाले आले होते तवा तू सातवीत होती. मैना लपवली नव्हती आमी. येऊन त्यांच्यापुढं बसली, लहान लेकरासारखी पोराच्या बापाची टोपी उचलून उलटी-सुलटी करून पाहू लागली. तो माणूस हसला पण. मंग हळूच मले विचारलं, हे तुमच्या घराण्यात हाये का? हातातला कप खाली ठेवला, तो परत उचललाच नाही. पंधरा दिवसानं निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका त्यांनी मागितलीच नव्हती.

आचल : हे मले कोणी सांगितलं नाही.

बाबा : काय सांगायचं? कापसाचे हे हाल. वावरवाल्याच्या घरी पोरगी द्यायची हिंमत नाही होत आता. हा पोरगा जिल्हा परिषदेत हाये, सरळ हाये, तुह्या ताईले पसंत हाये. असं स्थळ दुसऱ्यांदा येते का?

आचल : मंग लग्नात काय करान? हळदीपासून चार दिवस आत्या गोठ्यातच का?

बाबा : लग्न उरकलं की सांगू हळूहळू.

आचल : ताई पण हेच म्हणते. विचारलं मी तिले. म्हणे, माहं होऊ दे आचल, मंग तू गावभर दवंडी दे.

आई : तिले कळते जग. तुले नाही कळत. मैनाचे केस कोण विंचरते? तिची पाळी आली की कोण पाहते? तू पाहते का? पंचवीस वर्ष झाले मी करून राहिली. मले माया नको शिकवू.

आचल : ते खरं हाये, आई. त्यात मी काही बोलतच नाही.

मैना : (आतून येत) वैनी, सरगुंड्याच्या काड्या सापडल्या. पाटामागं होत्या. लय पाव्हणे येतीन का?

आई : येतीन तीन-चार, बाई.

मैना : मी वाढू?

बाबा : नाही, मैना. रविवारी तुले वावरात जायचं हाये. गोठ्यात बसजो. मी येतो न घ्यायले.

मैना : बरं. दादा, माठ जवळ ठेवजो.

बाबा : माठ तं हायेच तिथं. दाराजवळ.

मैना : दूर हाये तो. तू म्हणला, मी येईपर्यंत जाग्यावरून उठू नको. मी नाही उठली.

बाबा : कवा? मागच्या टायमाले?

मैना : नाही उठली मी. एकदाही नाही.

आई : अवं माय. दिवसभर?

मैना : वैनी, कणीक भिजवू का आता?

आई : आज नाही. रविवारी भिजवू. जा तू, आत पंख्याखाली बस.

बाबा : मले वाटलं, तहान लागली तं उठून पिऊन घेईन.

आचल : तुमी उठू नको म्हटलं न, बाबा. तुमचा शब्द ती मोडते का कधी?

बाबा : ह्या खेपेस माठ तिच्या बाजूलेच ठेवीन.

आई : गिलास पण देते मी. अन् दुपारी तुमी एक चक्कर मारून या.

आचल : मी ठरवलं. रविवारी मी आत्यासंग वावरात बसणार.

आई : येडी झाली का तू? त्या बायका विचारतीन, धाकटी दिसत नाही म्हणून. काय सांगू मी त्यायले?

आचल : तुले सुचन ते सांग. खोटं सांगाले मी तिथं नसीन, एवढं पक्कं.

बाबा : हट्टानं काय होईन, पोरी? तू संग गेली तरी तिले बसायचं गोठ्यातच हाये.

आचल : हट्ट नाही, बाबा. तुमी तिले घरी ठेवलं तं मी पण घरी. चहा नेईन, पंखा धरीन, म्हणान ते करीन. गोठ्यात बसवलं तं मी पण गोठ्यात. तुमी गाडी नका काढू, मीच सायकलवर डबलसीट घेऊन जाईन. आई, दोघींच्या भाकरी बांधजो.