रझाचं कुलूप

आमच्या रझाचं सांगतलं का तुमाले? पोरगा इराणचा, पण अकोल्यात शिकून पक्का वऱ्हाडी झालेला. आमी दोघांनी मेसेजले कुलूप लावणारं ॲप बनवलं अन् त्याचा कोड एका साइटवर ठेवून साऱ्या जगाले फुकट खुला केला. सुट्टीत घरी जाताना त्यानं आपल्या अर्धवट भागावर लिहून ठेवलं, ‘याले हात लावू नको, मी करतो.’

मंग तिकडून फोन.

“अबे, साइट मले आत घेऊन नाही राहिली!”

“काहून?”

“साइट अमेरिकेची. असं कुलूप इराणले द्यायचं नाही, असा तिथला कायदा हाये म्हणे.”

“पण कुलूप तं तूच बनवलं ना बे!”

“तेच तं!”

आता जगभरातून लोक लिहितात, तेवढा भाग दुरुस्त करा. मी सगळ्यायले एकच उत्तर देतो, करणारा येऊन राहिला.