दादाच्या तोंडाचा वास

टाकीत गॅस साचतो हे सगळ्यांना माहीत होतं, तर माझ्या दादाला आत उतरायला सांगितलं कोणी? कारखान्यात प्रत्येकाला विचारलं मी. चहा सगळ्यांनी पाजला, उत्तर कोणी दिलं नाही.

ऐंशीनंतर निफाडकडे द्राक्षांची वाइन करायचा कारखाना निघाला. लाल वाइन काढून घेतली की टाकीच्या तळाशी सालींचा चोथा उरतो, तो उपसायचं काम दादाकडे. मी चिडवायचो, "काय दादा, आज किती ढोसली?"

"गप रे, मी माळकरी हाय. साहेब सांगतो, जांभळासारखी तुरट लागते, मागून मिऱ्याचा ठसका. मटणाबरोबर प्यायची म्हणे."

"म्हणजे दोन्ही तुझ्या कामाचं नाय!"

तो टाकीत गुदमरला, त्या दुपारी त्याला अंगणात आणून ठेवलं. कपडे वाइननं थबथबलेले. मामा नाकाला उपरणं लावून म्हणाले, "माळ घालून शेवटी दारूतच मेलं ना पोरगं!"

माझं डोकं फिरलं. मामांची मान धरून मी दादाच्या तोंडाशी नेली. "घ्या वास! घ्या ना!"

मामा हळूच म्हणाले, "नाय रे. कायबी नाय."

"मोठ्यानं सांगा."

त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

मग मी दादाला आंघोळ घातली. लोक पाया पडणार होते आणि टाचांच्या भेगांतला लाल रंग साबणानं निघेना. मी वजरी घेऊन घासत बसलो. त्याला लागेल म्हणून हळूहळू घासत होतो.