चार शिंगांचा राउटर

केनियातल्या न्येरी गावात, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या.

"आई, हा चार शिंगांचा राउटर घेऊ. भिंतीवर उंच टांगायचा."

"भिंतीवर? न्याकियो, चांगली वस्तू काचेच्या कपाटात ठेवतात. पाहुण्यांच्या कपांशेजारी."

"आणि वर तुमचा विणलेला रुमाल! आधीचा त्याच्याखालीच तापून तापून मेला."

"टीव्हीवर रुमाल, रेडिओवर रुमाल, सोफ्यावर रुमाल. ते मेले का? उघडंबोडकं ठेवलं तर लोक काय म्हणतील?"

"लोकांचं सोडा हो. दर रविवारी मुरीथींचा व्हिडिओ कॉल येतो आणि चेहरा मध्येच अडकतो. मग तुमचा लेक धड दिसत नाही म्हणून रडतं कोण?"

"बरं बाई. टांग भिंतीवर."

"खरंच? रुमाल नाही ना?"

"अंगावर नाही. काय रे बाळा, तू रोज हे विकतोस, या शिंगांना लोकरीचं काही घातलं तर चालेल?"

"शिंगांना? चालेल की आजी. तापतं ते खालचं खोकं. ते उघडं असलं म्हणजे झालं."

"ऐकलंस? आता मुकाट्यानं एका शिंगाचं माप घे. लाल लोकर घरात आहेच, रविवारपर्यंत चारही टोप्या विणून होतात!"