चार पावलांवरचा मेन

दचकली? हवा हाय नुसती, ललिता—पाच हॉर्सचा कॉम्प्रेसर, सुरू झाला का असाच धडधडते, दोन गल्ल्या ऐकू जाते. अचलपूरच्या एका कापसाच्या जिनातून जुना आनला. वायरिंग तुह्या भावानंच केली—म्हंजे बारा आने त्यानं केली, उरलेली दुसऱ्यानं. पन चालते कसा, पाय! बरं, बंद करतो. बस. त्या खुर्चीवर नको, रंग ओला हाय—पेटीवर बस.

कसा हाय देवमन? करंट लागलेला उजवा हात कोपरापासून काढला म्हन्तेत. मोठं वाईट झालं. मी भेटाले येनारच होतो, पन दवाखाना मोर्ना नदीपल्याड, अन् इथं हे काम, ते काम. डावा शाबूत हाय ना? मंग! डाव्या हातानंही लोक जेवतेत.

दाखव कागद. 'मेन स्विच मालकाच्या घरात होता व तो मालकाने सुरू केला.' वा! अक्षर मोत्यावानी हाय. अमरावतीच्या कॉलेजात हेच शिकवतेत का, काकाच्या नावानं कागद लिहाले? रडू नको. समजते मले—माही सही झाली नाही तर त्याचं लायसन जाते. पन एका हाताचा वायरमन लायसन ठेवून करन काय? भिंतीवर टांगन? काय? हाताखाली मानसं घेऊन काम करवीन म्हन्ते? मोठा साहेबच झाला म्हना!

अन् मी जात पाळत नाही, हे तुले मालूम हाय. छप्पन साली तुमी बुद्धाचे झाले, गावात लोक काय काय बोलले—मी काम देवमनलेच देल्लं. चहाही देल्ला. इथंच, शेडमधे.

आता इन्स्पेक्टरनं विचारलं, मेन कोनं बंद कराचा? मी म्हटलं, ज्याचं काम त्यानं. खोटं काय त्यात? स्वतः जाऊन बंद कराचा, फ्यूज काढून खिशात घालाचा—शिकलेला वायरमन ना तू? पन हा इथूनच ओरडे, 'काका, मेन बंद हाय ना?' दिवसातून दहा वेळा! कान किटले माहे. मी म्हनो, हो रे बाबा, हो. त्या दिवशी रेडिओवर कापसाचे भाव लागनार होते, तं मीच बायकोले म्हटलं, सुभद्रे, मेन लाव वं दोन मिनिटं—तो भाकर खाऊन राहिला असन. तेवढ्यात त्याची हाक आली. मी म्हटलं, हो. सवय, बाई! कापसाच्या भावाकडं ध्यान होतं, तोंडातून निघून गेलं—

हे कागदावर घेऊ नको. घरातलं बोलनं हाय.

सांगाचं काय, तं चूक त्याची. दूर हाय का मेन? चार पावलं! त्या दाराच्या आत, चुलीच्या बाजूले. उठून स्वतःच्या डोळ्यानं पाहाले काय झालं होतं त्याले? पाय मोडले होते?—कुठं चालली? मेन पाहाले? थांब. थांब म्हन्तो ना! उंबऱ्यावर पाय नको! आत चूल हाय, देव हायेत, सुभद्रा घर डोक्यावर घेईन! तुले एवढंही समजत नाही? तुह्या भावाले तरी अक्कल होती—अकरा दिवस काम केलं त्यानं इथं, अकरा दिवसांत एकदा तरी त्यानं हा उंबरा—

...

अशी काय पाहून राहिली माह्याकडं?

उचल तो कागद. जा. मले कॉम्प्रेसर सुरू कराचा हाय.